एक एकरावर सेंद्रिय भाजीपाला: आधी दहा गुंठे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडच्या परिसरात वडिलोपार्जित एक एकर जमीन, हलकी ते मध्यम, तीन वर्षं पड. विहीर आहे, पाणी फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरतं. शेजारी कांदा-टोमॅटो, तिथे रासायनिक खतं-औषधं चालू. शेतावर एक माणूस कायम राहू शकतो. कमीत कमी नांगरट, बाहेरून कमीत कमी विकत आणणं आणि भाजी पुण्यात थेट घरांना विकणं हा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

पहिलं उत्तर: अख्खा एकर भाजीपाल्याखाली आणू नका. दहा गुंठे घ्या. भांडवल कमी पडेल म्हणून हे सांगत नाही, खत कमी पडेल म्हणून सांगतो. सेंद्रिय शेतीचा आकार सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर ठरत नाही, तुमच्याकडे वर्षाला किती काडीकचरा आणि किती शेण येतं त्यावर ठरतो. बहुतेक नवी शेतं दुसऱ्या वर्षी इथेच अडकतात: क्षेत्र एकराचं, खत तीन गुंठ्यांचं, पीक पिवळं, आणि मग ‘सेंद्रियमध्ये उत्पन्नच येत नाही’ असा निष्कर्ष.

नत्राचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर अशा खादाड पिकांना हेक्टरी १५० ते २०० किलो नत्राची शिफारस असते. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, तेव्हा १५ ते २० किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का ते पाऊण टक्का. दहा गुंठ्यांत अडीच टन खत टाकलं तर एकूण नत्र १२ ते १८ किलो पडतं, पण पहिल्या हंगामात पिकाला त्यातलं तिसरा-चौथा हिस्साच मिळतं. म्हणजे चार-पाच किलो. उरलेलं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं. ताग (हिरवळीच्या खताचं पीक) गाडला तर आणखी पाच किलोच्या आसपास. निंबोळी पेंडीत साधारण ५ टक्के नत्र असतं, तेव्हा १०० किलो पेंडीतून पाच किलो. ही सगळी बेरीज जेमतेम १५ होते. हीच बेरीज चाळीस गुंठ्यांसाठी करायची तर दहा टन खत आणि ४०० किलो पेंड लागेल, दरवर्षी. एक देशी गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण देते. त्यात काडीकचरा मिसळून वर्षाला दीड-दोन टन कुजलेलं खत निघालं तरी पुष्कळ.

जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) वाढवण्याचा हिशेब याहून कडक आहे. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो भरतं. कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ९०० किलो कर्ब, म्हणजे सुमारे दीड टन पक्का ह्युमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय माल) जमिनीत टिकून राहायला हवा. टाकलेल्या काडीकचऱ्याचा मोठा भाग आपल्याकडच्या उन्हात जळून हवेत जातो, टिकतो तो थोडाच. त्यामुळे ‘एका वर्षात कर्ब ०.३ वरून १ टक्का’ असं कोणी बाटली दाखवून सांगत असेल तर त्याला वाटेला लावा.

जीवामृत या शेण-गोमूत्राच्या आंबवलेल्या द्रावणाबद्दलही इथेच बोलून घेऊ, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन-तीन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, आठवड्याच्या आत वापरायचं. ही मात्रा एकराची, दहा गुंठ्यांना ५० लिटर पुरे. ओलाव्यावर, आच्छादनाखाली दिलं तर कुजण्याला वेग येतो आणि जमीन जिवंत राहायला मदत होते. पण १० किलो शेणातून नत्र मिळून मिळून किती मिळणार? ते खताच्या जागी चालत नाही. कुजायला जमिनीत काही असेल तरच कुजवणारे जीव उपयोगाचे. आणखी एक पथ्य: कोथिंबीर, मुळा, पालक अशा पिकांवर काढणीच्या आधीचे निदान दोन आठवडे जीवामृत पानांवर फवारू नका. त्यात शेण आहे आणि ही पानं कच्ची खाल्ली जातात.

माती परीक्षण एप्रिल-मेमध्ये, खत टाकण्याआधी करा. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा वीतभर खड्डा घ्या, त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती काढा. सगळी एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. झाडाखालची, बांधालगतची, जुन्या उकिरड्याची माती घेऊ नका. अहवालात चार आकडे पाहा: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी. सामू ६.५ ते ७.५ असेल तर काळजी नाही, ८.५ च्या वर गेला तर भाजीपाल्याआधी जमिनीचाच इलाज करावा लागेल. कर्ब ०.४ च्या खाली म्हणजे कमी. चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतील. तो नत्राचा नव्हे, लोहाचा तुटवडा असतो आणि कितीही शेणखत ओतलं तरी त्याच हंगामात सुधारत नाही. अशा जागी घेवडा-वाटाण्याआधी बाजरी, हुलगा घ्या. विहिरीचं पाणीही त्याच वेळी तपासून घ्या, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की क्षार वाढतात.

पडीक जमिनीला पहिल्या वर्षी एकदा नांगर लागेल, त्यात कमीपणा नाही. ‘विनानांगरणी’ पहिल्याच दिवसापासून करायची तर हराळी आणि लव्हाळा ही चिवट तणं तुमचं शेत घेऊन जातील. विनानांगरणीच्या बऱ्याच पद्धतींत तणनाशक गृहीत धरलेलं असतं, ते तुम्हाला वापरायचं नाही. तेव्हा एप्रिलमध्ये एक खोल नांगरट, ढेकळं तापू द्यायची, आणि मेमध्ये हराळीच्या काशा (जमिनीत पसरलेली खोडं) हाताने वेचून बांधाबाहेर वाळवायच्या. काशीचा बोटभर तुकडा राहिला तरी पावसात फुटतो, म्हणून वेचणी दोनदा. रोटाव्हेटर मात्र टाळा. तो काशांचे तुकडे करून शेतभर लागवडच करतो, आणि वरची माती पीठ करून खाली वीतभरावर घट्ट थर बसवतो. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, तो एका वर्षात जात नाही. जिथे तो दाट आहे तो तुकडा पहिल्या वर्षी वाफ्यांत घेऊच नका, त्यावर दाट ताग किंवा चवळी घेऊन सावलीने त्याला दमवा.

जूनमध्ये वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की ठरवलेल्या दहा गुंठ्यांत ताग पेरा. एकरी २० ते २५ किलो बियाणं, म्हणजे तुम्हाला पाच-सहा किलो. फुलकळी दिसायला लागली की, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, विळ्याने बुडातून कापा. इथे उशीर करू नका. साठ दिवसांपुढे खोड लाकडासारखं होतं, ते कुजताना जमिनीतलाच नत्र ओढून घेतं आणि वर लावलेलं पीक पिवळं पडतं. ताग कापून जागेवर पसरा, वाफे ओढताना निघणारी माती त्यावर येऊ द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. मुळं जमिनीतच राहू द्या, पुढची नांगरट तीच करतात.

उरलेले तीस गुंठे पड ठेवू नका. तिथे पावसावरची बाजरी आणि तूर, कडेने हुलगा-मटकी. दाणा घरी येईल, आणि भुसकट, पालापाचोळा दहा गुंठ्यांवर येईल. बाजरीचं सरमड (वाळलेली ताटं) शेजारच्या गोठ्याला देऊन बदल्यात शेण घेणं हा पुरंदर तालुक्यात सहज जमणारा व्यवहार आहे. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या पाल्याचं झाड) लावा. चौरस एकराच्या चारी बाजू मिळून अडीचशे मीटर भरतात, अर्ध्या मीटरवर एक याप्रमाणे पाचशे रोपं. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या शेती संशोधन संस्थेच्या कामातून आलेला अंदाज असा की ७०० मीटर बांधावर इतक्याच अंतराने लावलेली गिरिपुष्पाची ओळ स्थिरावली की तिच्या छाटणीतून वर्षाला ३० किलोच्या आसपास नत्र मिळतं. तुमच्या अडीचशे मीटरला दहा-अकरा किलो, तेही विकत न आणता. फक्त तीन वर्षं धीर धरावा लागतो, आणि पहिल्या उन्हाळ्यात शेळ्यांपासून राखण. छाटकलमापेक्षा बियांची रोपं लावा, सोटमूळ खोल जातं आणि मुरमाड बांधावर तीच तगतात.

खतासाठी नॅडेप टाकी बांधा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत कमी शेणात जास्त खत करणारी आहे, म्हणून एका-दोघा गाईंच्या शेताला तीच सोयीची. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, नऊ इंची विटांची भिंत, मधल्या थरांत हवेसाठी भोकं. तळ आणि भिंती शेणकाल्याने सारवून घ्या. मग सहा इंच काडीकचऱ्याचा थर, साधारण १०० किलो. त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर चाळलेली कोरडी माती ५० ते ६० किलो. असे थर चढवत टाकीच्या वर दीड फूट झोपडीसारखा आकार येईपर्यंत भरा आणि शेणमातीने लिंपून टाका. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपा. एका भरतीला काडीकचरा १,४०० ते १,५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, माती १,७५० किलो आणि पाणी दीड-दोन हजार लिटर लागतं, तीन-चार महिन्यांत अडीच ते तीन टन खत मिळतं. त्यात मातीचा वाटा मोठा आहे हे विसरू नका, वरच्या नत्राच्या हिशेबात ते शेणखताएवढं धरू नका.

टाकी बिघडते ती मुख्यतः कोरडी पडून. दोन दिवसांत सगळी भरून लिंपून टाकायची असते. रोज घमेलंभर टाकत राहिलं तर ढीग तापतच नाही, आणि न तापलेल्या खतातून तणाचं बी शेतभर जातं. भोकातून हात घालून मूठभर माल काढा, दाबा. बोटांच्या फटींतून ओल दिसली पण थेंब पडला नाही, की बरोबर. हात कोरडा राहिला तर भोकांतून पाणी मारा, लिंपणाला भेगा पडल्या की लगेच बुजवा. थेंब गळत असतील आणि आंबट वास येत असेल तर हवा कोंडली आहे. एप्रिल-मेमध्ये टाकी उन्हात असेल तर वर पाचटाची सावली करावीच लागते.

बाहेरून शेणखत आणताय? ढिगाच्या पोटात हात घाला. गरम लागलं किंवा शेणाचे गोळे ओळखू आले तर ते कच्चं आहे. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या) अळ्या, गाजर गवताचं बी आणि आजकाल प्लॅस्टिकही येतं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. त्या दोन-चार संध्याकाळी फांद्या हलवून साबणाच्या पाण्यात गोळा केले तर जितकं काम होतं, तितकं नंतर जमिनीत काही टाकून होत नाही.

वाफ्यांची मापं ठरवताना गुंठा ३३ बाय ३३ फूट हे लक्षात ठेवा. वाफ्याचा माथा ३ फूट, वाट दीड फूट धरली तर गुंठ्यात सात वाफे बसतात, दहा गुंठ्यांत सत्तर. वाफे कायमचे, पाय फक्त वाटेत. काळ्या जमिनीत वाफा आठ-नऊ इंच उचलतात कारण पाणी साचतं. तुमच्या हलक्या जमिनीत चार ते सहा इंच बस्स, नाहीतर कडा सुकतात आणि कडेची ओळ खुरटते. वाफे उताराला आडवे काढा. अडीच टन खत सत्तर वाफ्यांत वाटलं तर वाफ्याला ३५ किलो येतं, म्हणजे भरून तीन घमेली. त्यावर दीड किलो निंबोळी पेंड. अर्धा किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) २५ किलो ओलसर शेणखतात आठवडाभर सावलीत मुरवून त्याच वेळी मिसळा, रोपांची मर कमी होते. खत फक्त वाफ्यात, वाटेत एक मूठही नाही.

पाणी. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाला ५ मिलिमीटर ओल उडते असं धरलं तर ५,००० लिटर, डिसेंबरात तीन-चार हजार, एप्रिल-मेमध्ये सात-आठ हजार. प्रत्येक वाफ्यावर १६ मिलिमीटरच्या दोन इनलाइन नळ्या टाकल्या तर सत्तर वाफ्यांना सुमारे १,४०० मीटर नळी लागते. एक फुटावर, ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल तर सगळं मिळून तासाला नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. म्हणजे पाच हजार लिटरला अर्धा तास पुरतो! वीज आली म्हणून तीन तास ठिबक चालू ठेवलं की पाणी मुरमात जातं आणि सुटलेला नत्र बरोबर घेऊन जातं. पिवळ्या पिकाचं हे दुसरं नेहमीचं कारण. जीवामृत ठिबकातून सोडू नका, कितीही गाळलं तरी ड्रिपर धरतात. झारीने बुडाशी द्या. फेब्रुवारीअखेर पाणी संपतं तर शेवटची पेरणी नोव्हेंबरअखेर झाली पाहिजे. मार्च ते मे वाफे जाड आच्छादनाखाली झाकून ठेवा, उन्हाळी भाजीचा मोह टँकरपर्यंत नेतो.

आच्छादन तीन इंच हवं. सत्तर वाफ्यांना तेवढ्या जाडीचं पसरायचं तर दोन-अडीच टन कोरडा माल लागतो. नीरेच्या काठच्या ऊसपट्ट्यात पाचट अजूनही जाळलं जातं, तोडणीच्या दिवसांत बोलून ठेवलं तर वाहतुकीच्या खर्चात मिळतं. रोपाच्या खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. मुरमाड जमिनीत कोरड्या पाचटाला वाळवी लागते. ती बहुतेक वाळलेलंच खाते, वाफा ओला असेल तर पिकाला सहसा सोडते. पावसाळ्यात मात्र जाड आच्छादनाखाली शंखी गोगलगाय लपते. २०२२ मध्ये लातूर भागात तिने सोयाबीनचे कोंब खाऊन दुबार पेरणीची वेळ आणली होती. दिसली तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती वाफ्यांच्या कडेला टाका, पहाटे त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात टाका. जिथे रोपं कोवळी आहेत तिथे तेवढे दिवस आच्छादन मागे घ्या.

खुरपणीचा खर्च निम्मा करणारी एक साधी गोष्ट आहे आणि ती घाईपायी कोणी करत नाही. वाफा तयार झाला की लगेच पेरू नका. पाणी द्या, आठ-दहा दिवस थांबा, तणाचा हिरवा साका उगवू द्या आणि कोरड्या दुपारी खुरप्याने फक्त वरचा इंचभर थर खरवडा. खोल गेलात तर खालचं नवीन बी वर येतं आणि सगळं मुसळ केरात. मग पेरा. पुढचे तीस-चाळीस दिवस तण वर येऊ दिलं नाही की पीकच सावली धरतं. मेथी-पालक फेकून पेरू नका, नऊ इंचांवर ओळी ओढा, म्हणजे हातकोळपं चालतं.

पहिल्या हंगामात काय लावायचं? टोमॅटो, फ्लॉवर, ढोबळी मिरची नको. वांगंही दुसऱ्या वर्षी. सप्टेंबरपासून मेथी, शेपू, पालक, मुळा यांचे दर आठवड्याला दोन-तीन वाफे, भेंडी, गवार, चवळी, मांडवावर दोडका-दुधी, आणि ऑक्टोबरात वाटाणा. वाटाणा पुरंदरच्या हवेचं पीक आहे आणि स्वतःचा बराचसा नत्र स्वतः बांधतो. दोन गुंठ्यांना एक-सव्वा किलो बी, फूटभर अंतरावर ओळी. बियाला आधी किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग गुळाच्या थंड पाण्यात कालवलेलं २५ ग्रॅम रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू), सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. मेथीला गुंठ्याला पाव किलोच्या वर बी, भेंडीला ८० ते १०० ग्रॅम. भेंडीत परभणी क्रांती किंवा फुले विमुक्ता असे सरळ वाण घ्या, पुढच्या वर्षी बी घरचं धरता येतं. गुलाबी-निळा रंग चढवलेलं बी दुकानातून आणू नका, तो रंग बुरशीनाशक चोळल्याची खूण असतो. गावरान वाल, घेवडा, भोपळ्याचं बी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बियाणे बँकेसारख्या ठिकाणी जपलेलं आहे. थोडं आणा, एक-दोन वाफ्यांत वाढवून पाहा, तुमच्या मातीत जमलं तरच पसरा.

किडीत या पिकांना सर्वात जास्त छळणार ती वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी. मादी कोवळ्या दोडक्यात अंडी घालते, टोचलेल्या जागी डिंकाचा थेंब येतो, फळ तिथे वाकडं होतं आणि आत अळ्या. क्यू ल्युरचे (माशीला वासाने ओढणारे) सापळे फुलं येण्याआधी लावा, दहा गुंठ्यांना दोन पुरे. पण त्या सापळ्यात फक्त नर येतात. शेजारच्या शेतातून फळलेली मादी उडून आली तर सापळा भरूनही दोडके किडके निघतात, आणि लोक सापळ्याला नावं ठेवतात. खरं काम पडलेली-वाकडी फळं एक दिवसाआड गोळा करण्याचं आहे. ती खत टाकीत टाकू नका, दोन फूट खोल पुरा. अळी जमिनीत जाऊन कोष करते, पुरली नाहीत तर पुढची पिढी तुमच्याच वाफ्यात तयार होते.

मावा-तुडतुड्यांना सरसकट दर आठवड्याला फवारणी करू नका, तीत ढालकिडे आणि जाळीदार पंखांच्या माश्यांच्या अळ्याही जातात. दहा-बारा झाडं उलटून पाहा, कीड वाढती दिसली तरच निंबोळी अर्क. दहा गुंठ्यांना ५० लिटर द्रावण लागतं. अडीच किलो निंबोळ्या भरड कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, १०० ग्रॅम साबणाचं पाणी मिसळून ५० लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने मारा. त्यातला कामाचा घटक उन्हात लवकर मोडतो, भर दुपारी मारलेला अर्क वाया. निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी झाडाखाली फुकट मिळतात. गर धुऊन सावलीत वाळवा आणि गोणपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी येते. वर्षाला वीस किलो लागतील. वाटाण्यावर भुरी (पानांवर पांढरी बुरशी) आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन-तीन ग्रॅम, ते सेंद्रिय प्रमाणकांत चालतं, फक्त कडक उन्हात मारू नका, पानं जळतात. दुकानातल्या ‘जैविक टॉनिक’च्या बाटल्यांपासून लांब राहा. लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक नसेल तर आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं, आणि दोन दिवसांत सगळी कीड चटकन मेली तर संशय घ्यायलाच हवा. ट्रायकोडर्मा, रायझोबियम कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या.

शेजारच्या शेताच्या बाजूला दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा सोडा आणि त्यात शेवरी, हत्तीगवत दाट लावा. पाणी तिकडून उतरत असेल तर बांधाच्या आत चर खणून ते बाहेर काढा. या पट्ट्यातला चारा गाईला चालेल, पण त्यातलं काही सेंद्रिय म्हणून विकू नका. आणि शेजाऱ्याला ‘विष मारतोस’ म्हणून सुरुवात करू नका. वाऱ्याच्या दिवशी फवारू नको एवढं तो ऐकतो, भांडण झालं तर तेही ऐकत नाही.

विक्रीचा अंदाज बहुतेक जण फुगवतात. सुरुवातीच्या वर्षांत हेक्टरी आठ टनांच्या बेताने उत्पन्न धरा, दहा गुंठ्यांत एका फेरीला ८०० किलो, दोन फेऱ्यांचे सोळाशे. चाळीस आठवडे पुरवायचं म्हटलं तर आठवड्याला चाळीस किलो. घरटी पाच किलोची पिशवी, म्हणजे आठ घरं. पन्नास घरांचा गट करून बसलात तर तिसऱ्या आठवड्यात बाजारातून भाजी आणून भरायची वेळ येते, आणि तिथे विश्वास संपतो. आठ-दहा घरं घ्या, पैसे महिन्याचे आगाऊ, भाजी शेतात असेल ती. सासवडहून दिवे घाट उतरून आठवड्यातून एकच फेरी परवडते. पालेभाजी पहाटे काढा, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मार्केट यार्डात पाठवलीत तर भाव साध्या भाजीचाच मिळेल.

प्रमाणपत्राची पहिल्या दिवशी गरज नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या आणि वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्या लहान उत्पादकाला अन्नसुरक्षा नियमांत सेंद्रिय प्रमाणनातून सूट आहे, फक्त ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह वापरता येत नाही. पुढे दुकानांना माल द्यायचा झाला तर पीजीएस-इंडिया ही सहभागी हमी पद्धत परवडणारी आहे. आसपासचे किमान पाच शेतकरी मिळून गट करायचा, एकमेकांची शेतं तपासायची. रूपांतरणाच्या (रासायनिकमधून सेंद्रियकडे येण्याच्या) काळात ‘पीजीएस-ग्रीन’, तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. निर्यातीला ते चालत नाही, तिथे एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) या पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. गट शोधायला वेळ लागतो, म्हणून ते काम ताग पेरताच सुरू करा. नोंदवही तर आजपासून: गट नंबर, जमीन पड असल्याची वर्षं, तिच्यावर शेवटचं रासायनिक खत किंवा तणनाशक कधी पडलं, कुठल्या वाफ्यात किती घमेली खत, बियाण्याची पावती, काढणीचं वजन. शेजारी फवारणी झाली तर ती तारीख आणि वाऱ्याची दिशाही लिहा.